वाचकांचे प्रश्न : ताठ पोटरी आणि नडगीवरचा करंट

मल्टिपल स्क्लेरोसिसविषयी, म्हणजे एमएसविषयी, गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे फिजिओथेरपीत लावल्या जाणाऱ्या विजेच्या करंटभोवती फिरतात. त्यांतील पाच पत्रे येथे थोडक्यात देऊन उत्तरे दिली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण ते नीट समजले तर पुढची उत्तरे सोपी होतात.

प्रश्न : माझ्या पत्नीला नऊ वर्षांपासून एमएस आहे. चालताना तिचे उजवे पाऊल जमिनीला घासते, चप्पल निसटते आणि पोटरी लाकडासारखी ताठ होते. तरीही गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय जोरात उडतो. फिजिओथेरपिस्ट मात्र पोटरी सोडून नडगीवर करंट लावायला सांगतात. नसच खराब असेल तर करंट जाणार कुठून, आणि ताठरपणा मागे असताना उपचार पुढे का?
— एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : आपल्या दोन्ही शंकांचे मूळ त्या हातोडीच्या ठोक्यातच आहे. गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर ठोका बसला की मांडीचा पुढचा स्नायू क्षणभर ताणला जातो. स्नायूतील ताण टिपणारे सूक्ष्म संवेदक ही खबर जाड, वेगवान तंतूंवरून कमरेच्या भागातील मज्जारज्जूत पोहोचवतात. तेथे ती एकच जोड ओलांडून त्याच स्नायूला हलवणाऱ्या, म्हणजे प्रेरक, चेतापेशीपाशी जाते, आणि ठोक्यापासून साधारण २० मिलिसेकंदांत स्नायू आकुंचन पावू लागतो. मेंदूला या व्यवहारात विचारलेच जात नाही. जर्मनीतील एर्ब आणि वेस्टफाल या दोन वैद्यांनी १८७५ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, गुडघ्याच्या या उडीचे वर्णन केले आणि तेव्हापासून ती हातोडी डॉक्टरांच्या बॅगेत आहे.

मेंदू विचारला जात नसला तरी त्याचा वचक मात्र सतत असतो. मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणारे तंतू या प्रतिक्षिप्त क्रियांना कायम आवरून धरत असतात. एमएसमध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांमधील तंतूंवरचे मायलिनचे आवरण कुरतडते. उतरत्या तंतूंना अशी इजा झाली की वचक सुटतो, आणि खालची क्रिया, जी जागच्या जागी शाबूत आहे, ती अवाजवी जोरात होऊ लागते. म्हणजे पत्नीचा पाय जोरात उडतो याचा अर्थ असा की मज्जारज्जूपासून पायापर्यंत जाणारी आणि तेथून परत येणारी नस चांगली काम करते आहे. बिघाड त्याच्या वर आहे. करंट जातो तो याच चांगल्या नसेतून. यंत्रातून येणारा एकेक ठोका साधारण २०० ते ४०० मायक्रोसेकंदांचा असतो. इतक्या अल्पावधीचा ठोका स्नायूच्या तंतूंना थेट हलवू शकत नाही, तो स्नायूत शिरणाऱ्या नसेला जागे करतो आणि नस स्नायूला आकुंचित करते. म्हणूनच कुष्ठरोगात किंवा गुडघ्याजवळ मार लागून ज्यांची नसच तुटली अथवा सुकली आहे, त्यांचे पाऊल दिसायला अगदी असेच लोंबत असले तरी हे यंत्र त्यांच्या उपयोगी पडत नाही. शेजारच्या एखाद्याला ‘करंटने काही झाले नाही’ असे ऐकले असेल, तर त्याचा आजार कोणता होता हे आधी विचारावे.

आता नडगीचे. पाऊल वर उचलणारा स्नायू नडगीच्या बाहेरच्या बाजूला असतो आणि पाऊल खाली दाबणारा पोटरीत. निसर्गतः एक कामाला लागला की दुसऱ्याला गप्प बसवण्याची सोय मज्जारज्जूतच केलेली आहे: नडगीच्या स्नायूकडून येणारे संवेदी तंतू एका मधल्या चेतापेशीमार्फत पोटरीच्या प्रेरक पेशींना रोखतात. विळीवर नारळ खवताना एक हात पुढे रेटतो आणि दुसरा तेवढाच सैल सोडतो, तशी ही जोडी आहे. ताठरपणा आलेल्या पायात ही रोखण्याची सोय दुबळी झालेली असते. पाऊल उचलायला जावे तो पोटरीही आवळते आणि दोघांच्या ओढाताणीत पाऊल तेथेच राहते. नडगीवर करंट लावला की तो दोन दिशांना जातो. प्रेरक तंतूंवरून खाली जाऊन पाऊल उचलतो, हे डोळ्यांना दिसते. त्याच वेळी संवेदी तंतूंवरून वर मज्जारज्जूत जाऊन तीच रोखणारी पेशी चाळवतो, हे दिसत नाही. ताठरपणा मागे आणि उपचार पुढे, यामागचे कारण हे आहे.

या दुसऱ्या, न दिसणाऱ्या वाटेविषयी माहिती गोळा व्हायला वेळ लागला. कोपनहेगनच्या संशोधकांनी १९९४ साली एमएसमुळे ताठरपणा आलेल्या रुग्णांत ही परस्पररोधाची क्रिया मोजली, तेव्हा ती बहुतेकांत कमी किंवा नाहीशी झालेली आढळली. पाऊल उचलण्यासाठी रोज या नसेला करंट देणाऱ्यांत मात्र ती टिकून असल्याचे दिसले. अमेरिकेतील २००३ सालच्या एका प्रयोगात निरोगी माणसांच्या याच नसेला अर्धा तास, दर दीड सेकंदाला दहा ठोक्यांचा एक झुपका अशा पद्धतीने करंट दिला असता हा रोध वाढला. चालताना स्नायूकडून येणाऱ्या संदेशांशी ही लय जुळते. सलग एकसुरी करंटने तो परिणाम मिळाला नाही. वाढ टिकली मात्र काही मिनिटेच. ‘करंटने मज्जारज्जूला वळण लागते’ असे कोणी सांगितले तर ते खरे आहे, पण एका बैठकीतले वळण चहा निवेपर्यंत टिकले तरी पुष्कळ, असे मी त्यात जोडीन.

चालण्यासाठीचा उपयोग याहून जुना आणि सरळ आहे. लिबरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली अमेरिकेत अर्धांगाच्या रुग्णांसाठी बुटाच्या टाचेत एक कळ बसवली. टाच उचलली की करंट सुरू, टाच टेकली की बंद. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस, थोडे खाली, बोटाला हाडाचे एक टेंगूळ लागते. त्याच्या मागून ती नस वळसा घेते आणि एक पॅड तेथे, दुसरा नडगीच्या स्नायूवर लागतो. पॅड बोटभर सरकला तरी पाऊल सरळ वर येण्याऐवजी बाहेर किंवा आत वळते, म्हणून पहिल्या दिवशी योग्य जागा सापडली की त्वचेवर पेनाने खूण करून घ्यावी. या पद्धतीला फंक्शनल इलेक्ट्रिकल स्टिम्युलेशन, थोडक्यात एफईएस म्हणतात. इंग्लंडमधील सॉल्सबरी येथे ती एमएसच्या रुग्णांसाठी मोठ्या प्रमाणावर वापरली गेली.

अपेक्षा किती ठेवावी? ब्रिटनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, आजार हळूहळू वाढत गेलेल्या एमएसच्या रुग्णांपैकी काहींना १८ आठवडे एफईएस आणि काहींना घरी करायचा व्यायाम दिला. यंत्राशिवाय चालण्याचा वेग सुधारला तो व्यायाम करणाऱ्यांचा. एफईएसवाल्यांना यंत्र लावलेले असताना चालणे सोपे जाई, काढले की पूर्वीसारखेच. मात्र त्यांचे पडण्याचे प्रसंग बरेच कमी झाले. माझ्या मते या यंत्राकडे चष्म्यासारखे पाहावे. ते लावून व्यायाम करावा, ते लावले म्हणून व्यायाम सोडू नये. आणि खर्च परवडत नसेल तर प्लास्टिकचा साधा स्प्लिंटही पाऊल उचलून धरतो. तो मज्जारज्जूशी काही बोलत नाही, पण उंबऱ्याला ठेच लागू देत नाही.

एक सूचना राहिली. काही रुग्ण पायाच्या ताठरपणावरच उभे असतात. स्नायूंत जोर नसतो, ताठर गुडघा खांबासारखा भार घेतो. अशा पायाचा ताठरपणा पूर्ण घालवला तर गुडघा मुडपतो. किती सैल करायचे हे पत्नीला उभे करून, चालवून ठरवावे लागेल, पलंगावर झोपवून नव्हे.

प्रश्न : उपचारापूर्वी आणि नंतर माझी एच-रिफ्लेक्स चाचणी झाली. पोटरीचे एच आणि एम यांचे गुणोत्तर ०.६२ वरून ०.४८ वर आले. आजार मागे हटतो आहे असे समजावे का? चालण्यात मला स्वतःला काहीच फरक जाणवत नाही.
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही, तसे समजू नये. आणि आपल्याला जाणवत नाही, ही आपल्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची नोंद आहे.

ही चाचणी जर्मन शरीरशास्त्रज्ञ पॉल हॉफमान यांनी १९१० मध्ये वर्णिलेली, आणि ‘एच’ हे अक्षर त्यांच्याच नावाचे. हातोडीऐवजी येथे गुडघ्यामागच्या खळगीत नसेला करंटचा एक हलका ठोका देतात आणि पोटरीवरच्या पॅडवर काय उमटते ते पडद्यावर पाहतात. ठोका हलका असताना आधी जाड संवेदी तंतू जागे होतात. त्यांची खबर मज्जारज्जूत जाऊन परत येते आणि सुमारे ३० मिलिसेकंदांनी एक लाट उमटते, ती एच. करंट वाढवला की प्रेरक तंतूही थेट जागे होतात आणि अवघ्या काही मिलिसेकंदांत दुसरी, लवकरची लाट दिसू लागते, ती एम. पुढे करंट आणखी वाढवत गेले तर एम मोठी होत जाते आणि एच मात्र लहान होत होत नाहीशी होते, कारण प्रेरक तंतूंवरून उलट दिशेला वर निघालेला आवेग खाली येणाऱ्या एचला वाटेतच गाठतो. प्रथमच पाहणाऱ्याला हे पाहून यंत्र बिघडले असे वाटते. सर्वांत मोठ्या एचला सर्वांत मोठ्या एमने भागले की आपल्या कागदावरचे गुणोत्तर मिळते: त्या स्नायूच्या एकूण प्रेरक पेशींपैकी किती पेशी प्रतिक्षिप्त वाटेने जाग्या झाल्या, याचा तो अंदाज.

आता हा आकडा किती चंचल आहे ते पाहा. पालथे झोपून मोजलेला एच आणि उभे राहून मोजलेला एच वेगवेगळे येतात. मान वळवली, दात आवळले, दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून ओढली तरी तो बदलतो. हातोडीचा ठोका लागत नसेल तर डॉक्टर बोटे ओढायला सांगतात ती याच कारणाने. दोन ठोक्यांमधले अंतरही फार महत्त्वाचे आहे. निरोगी माणसात सेकंदाला एक ठोका दिला तर एच झपाट्याने लहान होतो, कारण नुकत्याच वापरलेल्या जोडातून पुन्हा तेवढाच संदेश सुटत नाही, म्हणून पूर्ववत होण्यासाठी दहा सेकंदांच्या आसपास थांबावे लागते. ताठरपणा असलेल्या एमएसच्या रुग्णांत हे लहान होणे कमी आढळते, आणि खरे तर गुणोत्तरापेक्षा हीच खूण ताठरपणाविषयी अधिक बोलते. दोन्ही वेळा आपली स्थिती, मान, ठोक्यांमधले अंतर आणि पॅडची जागा सारखीच होती का, हे तपासणाऱ्यांना अवश्य विचारावे. सारखी असेल, तर पोटरीच्या प्रतिक्षिप्त वाटेची उत्तेजकता त्या तासापुरती उतरली इतकेच म्हणता येते. मायलिनचे व्रण आहेत तेथेच आहेत. त्यांची खबर एमआरआय देतो आणि त्यांवरचे औषध न्यूरॉलॉजिस्टकडे असते, करंटकडे नाही.

आपल्या अहवालात बहुधा ‘अ‍ॅशवर्थ’ असाही एक आकडा असेल. सांधा वाकवून पाहताना हाताला किती विरोध जाणवतो याची ही श्रेणी अ‍ॅशवर्थ यांनी १९६४ साली एमएसच्याच रुग्णांवर एका औषधाची चाचणी घेताना वापरली. हाताला जाणवणारा विरोध, पडद्यावरची लाट आणि रुग्णाचे चालणे या तिन्ही गोष्टी पुष्कळदा एकमेकींशी जुळत नाहीत: एच उतरतो आणि चाल तशीच राहते, चाल सुधारते आणि एच हलत नाही. स्नायू आखडून आखूड झाला असेल तर प्रतिक्षिप्त क्रिया कितीही शांत केली तरी सांधा अडकतोच. म्हणून घरच्या फरशीवर खडूने दहा मीटरच्या दोन खुणा करा, मोबाईलवर वेळ लावा, आठवड्यातून एकदा त्याच वेळी, त्याच चपला घालून चाला आणि सेकंद वहीत लिहा. माझा त्या वहीवर अधिक भरवसा आहे.

प्रश्न : आईला एमएस आहे. रात्री तिचे गुडघे आपोआप पोटाकडे खेचले जातात. करंट सुरू केल्यापासून हे वाढले असे वाटते. करंटमुळेच झाले असेल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : होऊ शकते, पण त्याआधी दुसरीकडे पाहा. गुडघे पोटाकडे खेचणारी प्रतिक्षिप्त क्रिया पायात काटा रुतल्यावर पाय मागे घेण्याची जी क्रिया, तीच आहे. वरचा वचक सुटल्यावर तिला खऱ्या काट्याची गरज उरत नाही. भरलेले मूत्राशय, लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, घट्ट इलॅस्टिक, चादरीची घडी, टाचेवर सुरू झालेली जखम, यांपैकी काहीही पुरते. आणि त्वचा बधिर असल्याने रुग्णाला स्वतःला ते कळतही नाही. एका रुग्णाच्या पायाचे असे झटके आठवडाभर वाढत होते आणि मी करंटची तीव्रता कमी-जास्त करून पाहत बसलो होतो. शेवटी मोजा काढला तेव्हा अंगठ्याचे नख मांसात रुतून पू धरलेला दिसला. नख काढल्यावर झटके पूर्वीच्या पातळीवर आले. मोजा पहिल्या दिवशीच काढायला हवा होता.

हे सारे तपासून काही सापडले नाही, तर करंटकडे या. सुकलेला पॅड एका कडेनेच चिकटला की सगळा करंट त्या कडेतून जातो, सुई टोचल्यासारखे होते, आणि तोही मज्जारज्जूच्या दृष्टीने काटाच असतो. उलट, स्नायू न हलवता केवळ मुंग्या येतील इतका सौम्य टेन्सचा, म्हणजे त्वचेवरून नसांना दिला जाणारा, करंट काहींना आराम देतो. ब्रिटनमधील २००७ सालच्या एका अभ्यासात एमएसच्या रुग्णांना दोन आठवडे रोज एक तास किंवा आठ तास टेन्स दिले. ताठरपणाच्या मोजमापात लक्षणीय फरक पडला नाही, पण आठ तासांच्या वापराने झटके आणि वेदना कमी झाल्या.

आई बॅक्लोफेन ही ताठरपणा कमी करणारी गोळी घेत असतील, तर ‘आता करंट सुरू आहे’ म्हणून ती गोळी परस्पर बंद करू नका. ती मज्जारज्जूतील याच जोडांवर संवेदी तंतूंचा संदेश दाबण्याचे काम करते, आणि अचानक थांबवल्यास तीव्र झटके, भास, क्वचित फिट येऊ शकते.

प्रश्न : ऑनलाइन एक छोटे यंत्र घेतले आहे. रोज किती मिनिटे लावावे? क्लिनिकमध्ये आधी शेक देतात, तसा घरीही द्यावा का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : शेक नको. जर्मन नेत्रवैद्य उटहॉफ यांनी १८९० मध्ये श्रमानंतर या रुग्णांची नजर तात्पुरती अंधुक होते, अशी नोंद केली. शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी मायलिन गेलेल्या तंतूंतून संदेश अडखळू शकतो, हे पुढे कळले. एमआरआय येण्यापूर्वी निदानासाठी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून पाहत असत. नागपूरच्या मे महिन्यात तो टब घरबसल्याच असतो. म्हणून बैठक सकाळी लवकर, कूलरसमोर करावी, आणि बधिर पायावर गरम पिशवी कधीच ठेवू नये.

मिनिटांपेक्षा थकवा पाहा. आपण स्वतः स्नायू हलवतो तेव्हा तंतू पाळीपाळीने काम करतात. करंट मात्र पॅडखालच्या त्याच तंतूंना एकाच वेळी, पुन्हा पुन्हा जुंपतो आणि ते लवकर दमतात. सुरुवातीला दहा मिनिटे पुरेत, आणि जितके सेकंद करंट त्याच्या दुप्पट-तिप्पट सेकंद विश्रांती असावी. पाऊल पूर्वीइतके उचलले जात नाही असे दिसले की थांबावे. त्वचा बधिर असेल तर ‘सोसेल इतका’ हे माप चालत नाही. डोळ्यांनी पाऊल पाहून करंट वाढवावा आणि नंतर पॅडखालची त्वचा तपासावी. लाली तासाभरात गेली नाही तर दुसऱ्या दिवशी तेथे पॅड लावू नये. पेसमेकर किंवा पोटात बसवलेला बॅक्लोफेनचा पंप असेल, फिट येत असतील, गर्भधारणा असेल, पायात रक्ताची गुठळी किंवा तशी शंका असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्राला हात लावू नये.

प्रश्न : जिममध्ये संपूर्ण अंगाला करंट देणारा सूट मिळतो. वीस मिनिटांत तासभराचा व्यायाम होतो म्हणतात. एमएसमध्ये चालेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मी देणार नाही. एकाच वेळी सगळ्या मोठ्या स्नायूंना जोराने जुंपल्यावर निरोगी तरुणांतही स्नायू मोठ्या प्रमाणात फुटून मूत्रपिंडांवर ताण आल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. त्यात अंग तापते, बधिर भागावर काय चालले आहे ते कळत नाही, आणि नडगी-पोटरी दोन्ही एकदम आवळल्या जात असल्याने पहिल्या उत्तरातला परस्परांना रोखण्याचा हिशेबच उरत नाही. तोच पैसा न्यूरो-फिजिओथेरपिस्टच्या चार बैठकांवर खर्च करा.